कर्नाळ्याचा सुळका आणि एडनचा खडक

जासईहून पनवेलला निघाले की, हवा स्वच्छ असेल तर, उजव्या हाताला दूरवर कर्नाळ्याचा सुळका दिसतो. मुठीतून अंगठा वर काढावा तसा तो डोंगरातून वर आलेला आहे. आमच्या बाजूच्या माणसाला त्याचे आता काही विशेष वाटत नाही. त्या सुळक्याच्या परिसरात, पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याला लागल्यावर थोड्याच अंतरावर, शिरढोण नावाचे गाव आहे. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म त्या गावी झाला. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते एडनच्या तुरुंगात वारले. या दोन तारखांच्या मधे सदतीस वर्षांचे आयुष्य आहे, आणि शाळेच्या पुस्तकात त्याला फार तर दीड परिच्छेद मिळतो.

त्या दीड परिच्छेदाच्या शेवटी एडन येते. रिकाम्या जागा भरा, एक गुण. लहानपणी मी एडन हे अंदमानसारखेच एक बेट आहे असे समजत असे. काळे पाणी म्हटले की बेट, हे ओघानेच आले. पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात नकाशा उघडला तेव्हा ते बेट नसून अरबस्तानच्या टोकाला चिकटलेला जमिनीचा एक तुकडा आहे असे दिसले. आणखी वाचल्यावर मात्र असे कळले की माझी चूक तशी फार मोठी नव्हती. हा लेख त्या चुकीतूनच निघाला आहे. वासुदेव बळवंतांचे बंड पुष्कळांनी सांगितले आहे. मी त्यांचे चरित्र त्यांच्या पायाखालच्या जमिनीच्या बाजूने सांगू पाहतो.

आपली जमीन म्हणजे काळा कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचत गेले, आणि त्यांतून दख्खनचे पठार व सह्याद्री घडले. कर्नाळा त्याच दगडाचा, घारापुरीची लेणी कोरलेली आहेत तीही त्याच दगडात. त्या काळी आपल्या भूमीखाली जो तप्त प्रवाह वर येत होता तोच आज हिंदी महासागरातील रीयुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजून धगधगतो आहे, असे बरेच भूशास्त्रज्ञ मानतात. आपल्याकडचा अग्नी केव्हाच विझला. त्यावर पावसाने माती केली, मातीवर रान आले. पनवेलच्या बाजूला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कर्नाळ्याच्या रानाला १९६८ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला तो या पावसाच्याच कृपेने.

या किल्ल्याशी फडक्यांच्या घराचा संबंध होता. वासुदेव बळवंतांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ साली पेशवाईबरोबर कर्नाळाही इंग्रजांकडे गेला. नातवाचा जन्म झाला तेव्हा या गोष्टीला सत्तावीस वर्षे झाली होती. म्हणजे ती इतिहासात जमा झालेली नव्हती, घरात बोलली जात होती. अंगणातून किल्ला दिसतो आणि तो आपला नाही, हे ज्या मुलाला कळते त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

शिक्षण कल्याण, मुंबई व पुणे येथे झाले. इंग्रजी आले, म्हणून नोकरी मिळाली. रेल्वे, ग्रँट मेडिकल कॉलेज अशा दोन-तीन ठिकाणी काम केल्यावर ते लष्कराच्या हिशेब खात्यात लागले व पुढे पुण्यास गेले. जवळजवळ पंधरा वर्षे त्यांनी सरकारी कारकुनी केली. हा भाग चरित्रकार भराभर उरकतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. तलवार हाती घेणारा हा माणूस त्याआधी पंधरा वर्षे आकडे मांडत होता. सैन्याला धान्य किती लागते, पैसा कुठून येतो, कुठे जातो, हे त्याने कागदावर पाहिलेले होते. १८७२-७३ च्या सुमारास न्यायमूर्ती रानडे पुण्यात देशी व्यापारावर व्याख्याने देऊ लागले आणि या देशाची संपत्ती कशी वाहून जाते हे सांगू लागले, तेव्हा श्रोत्यांतल्या या कारकुनाला ते नवे वाटले नसेल. त्याने स्वदेशीचे व्रत घेतले.

आईची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ती आजारी असल्याचे कळले, रजा मागितली, ती वेळेवर मिळाली नाही, आणि हे घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. या एका प्रसंगामुळे त्यांनी बंड केले असे सांगणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. रजा न मिळालेले कारकून पुष्कळ होते. पण साहेबाच्या सहीवाचून आपण आपल्या आईच्याही उशाशी जाऊ शकत नाही, हे त्या दिवशी त्यांना नीट कळले असावे.

पुण्यात ते एकटे नव्हते. लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे ते तालीम घेत. त्या काळी एका ब्राह्मण कारकुनाने मातंग समाजातल्या वस्तादाला गुरू मानावे ही लहान गोष्ट नव्हती. वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर त्यांनी पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन काढली. तिचीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. म्हणजे आज त्या संस्थेच्या शाळा-कॉलेजांत शिकणारी मुले एका बंडखोराने काढलेल्या शाळेत शिकतात. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी गोपिकाबाईंशी विवाह केला आणि त्यांना लिहायला-वाचायला, घोड्यावर बसायला शिकवले. दत्ताची उपासनाही चालू असे. शाळा, तालीम, पूजा आणि कचेरी. हे असेच चालू राहिले असते तर पुण्याच्या एखाद्या गल्लीला त्यांचे नाव मिळाले असते, इतकेच.

मग दुष्काळ पडला. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये लोक किडामुंगीसारखे मेले. दुष्काळी कामांवरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, असा दर ज्यांनी ठरवला ते सर रिचर्ड टेंपल १८७७ सालीच मुंबईचे गव्हर्नर झाले. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही, आणि त्यावर खडी फोडायची. वासुदेव बळवंत वेष पालटून गावोगाव फिरले आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आले. हिशेब खात्यातल्या माणसाला एक पौंडाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

१८७९ च्या फेब्रुवारीत त्यांनी पुणे सोडले. सुशिक्षितांपैकी फारसे कोणी बरोबर आले नाही. आले ते रामोशी, कोळी, धनगर. रामोश्यांना बंड नवीन नव्हते. पुरंदरच्या बाजूच्या उमाजी नाइकांना १८३२ साली पुण्यात फाशी दिले होते, आणि त्यांचे नाव घरोघर होते. (वासुदेव बळवंतांना आपण आद्य क्रांतिकारक म्हणतो, पण उमाजींचा विसर पडता कामा नये.) पहिला छापा शिरूर तालुक्यातील धामारीवर पडला. मागोमाग इतर गावांवर पडले. सावकारांकडून पैसा उभा करायचा, त्यावर माणसे ठेवायची, ठिकठिकाणी एकाच वेळी उठाव करायचे, तारा तोडायच्या, टपाल अडवायचे, तुरुंग फोडायचे, अशी योजना होती. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास बक्षीस लावले, तेव्हा त्यांनी उलट गव्हर्नरच्या डोक्यावर बक्षीस लावले. पुण्यामुंबईत या जाहीरनाम्यांनी मोठी खळबळ उडाली.

इथे जमिनीचा मुद्दा येतो. चार-पाच महिने इंग्रजांच्या फौजेला हा माणूस सापडला नाही, याचे श्रेय त्यांच्या धाडसाला आहे तसे सह्याद्रीलाही आहे. लाव्ह्याचे थर पायऱ्यांसारखे झिजत गेले, म्हणून आपल्या डोंगराला कडे आहेत, कपाऱ्या आहेत, घळी आहेत; झाडी आहे आणि पाणी आहे. रामोश्याला वाट दाखवावी लागत नाही. त्यांचे सहकारी दौलतराव नाईक मे महिन्यात घाट उतरून आमच्या बाजूला आले. १० व ११ मे १८७९ रोजी त्यांनी पळस्पे व चिखली येथे छापे घातले व दीड लाखाच्या आसपास लूट नेली. पळस्पे म्हणजे शिरढोणच्या शेजारचेच गाव. घाटमाथ्याकडे परत जाताना मेजर डॅनियल याच्या तुकडीने त्यांना गाठले आणि दौलतराव गोळी लागून पडले. घाट चढायला उरला होता, लुटीचे ओझे होते. रानाने लपवले तरी ओझे लपत नाही.

दौलतराव गेल्यावर बंडाचे हातच तुटले. वासुदेव बळवंतांच्या मनातही बेबनाव होताच. आपल्या माणसांना देशापेक्षा लुटीतच अधिक रस आहे, असे त्यांना वाटू लागले होते, आणि आत्मचरित्रात त्यांनी ते लिहूनही ठेवले. त्यांचे दुःख खरे आहे. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दोन वर्षे उपाशी राहिलेला माणूस हाती आलेले धान्य आधी घरी नेणार; त्याला लोभ म्हणावे काय? पंधरा वर्षे पगार घेतलेल्या माणसाला हे तितकेसे कळले नसावे, असे मला नम्रपणे वाटते.

हे आत्मचरित्र त्यांनी श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या देवस्थानात लिहिले. निराश होऊन ते तिकडे गेले होते आणि तिथेच देह ठेवण्याचा विचार होता. तो बदलला. निजामाच्या मुलखात रोहिल्यांची माणसे जमवून पुन्हा उठावे असे ठरले. पण आता ते सह्याद्रीबाहेर आले होते. खालचा मुलूख सपाट, भाषा निराळी, ओळखीची माणसे नाहीत. मागे मेजर डॅनियल, आणि त्याच्या जोडीला हैदराबादचा पोलीस अधिकारी अब्दुल हक. जुलै महिन्यात, अंगात ताप असताना, त्या काळच्या कलादगी जिल्ह्यातील देवर नावदगी या गावी ते एका देवळात झोपलेले असताना पकडले गेले.

पुण्यास खटला झाला. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. त्या दिवसांत ते घेणे सोपे नव्हते. सरकारपक्षाकडे सर्वांत मोठा पुरावा होता तो आरोपीच्याच हातचा, म्हणजे रोजनिशी व आत्मचरित्र. पंधरा वर्षे लिहिण्याची सवय झालेल्या माणसाने सारे काही लिहून ठेवले होते. १८७९ च्या नोव्हेंबरात जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हायकोर्टात अपील चालले नाही. जानेवारी १८८० मध्ये त्यांना मुंबईहून बोटीने एडनला नेण्यात आले.

काळे पाणी म्हणजे अंदमान, अशी आपली समजूत. मग यांना एडनला का नेले? माझा तर्क असा की, अंदमानात इतर कैद्यांत मिसळून हा माणूस काय करील याचा भरवसा सरकारला नसावा. शिवाय अंदमान म्हणजे पुन्हा दाट झाडी आणि धो धो पाऊस. (अंदमानच्या बेटांमध्येही एक ज्वालामुखी आहे, बॅरन बेटाचा, तो पुढे १९९१ साली पुन्हा जागा झाला. पण कैद्यांची वसाहत त्या बेटावर नव्हती.) एडनची गोष्ट निराळी. तिथे निसर्गच पहारेकरी होता.

आता एडनचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, तांबड्या समुद्राच्या दाराशी, समुद्रातून काळा डोंगर वर आलेला आहे. तोही ज्वालामुखीच, पण आपल्यापेक्षा पुष्कळ तरुण, सुमारे पन्नास-साठ लाख वर्षांचा. अरबस्तान आफ्रिकेपासून दूर सरकू लागला, मधल्या भेगेत समुद्र शिरला, आणि त्या भेगेच्या काठाकाठाने असे ज्वालामुखी उठले. शमसान हे तिथले सर्वोच्च शिखर साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कर्नाळ्याहून शंभर-एक मीटर उंच. एडनचे जुने गाव चक्क ज्वालामुखीच्या तोंडात वसले आहे. इंग्रजांनी त्याचे नावच क्रेटर ठेवले. तिन्ही बाजूंना विवराच्या उभ्या भिंती आणि चौथ्या बाजूला समुद्र, त्यात सिरा नावाचा एक खडकाळ बेटवजा तुकडा. समोर, बंदराच्या पलीकडे, तसाच दुसरा काळा डोंगर आहे. त्याला छोटे एडन म्हणतात.

हा डोंगर मुख्य भूमीला जोडलेला आहे तो खोरमकसर नावाच्या वाळूच्या एका पट्टीने. ती इतकी सखल की, त्या काळी उधाणाच्या भरतीला एके ठिकाणी ती जवळजवळ पाण्याखाली जाई. जुन्या काळी तिथे पूल होता. तेव्हा एडनला बेट समजणारा मी एकटाच नव्हे. जमीन म्हणून ते जोडलेले आहे, पण माणसाच्या दृष्टीने ते बेटच होते. इंग्रजांनी त्या पट्टीवर तटबंदी केली आणि विवराच्या कड्यातून कोरून काढलेल्या खिंडीत दरवाजा बसवून पहारा ठेवला. म्हणजे बाहेर जायला एकच वाट, आणि तिच्यावर दोन कुलपे.

आणि पाणी नाही. एडनला वर्षाकाठी पन्नास मिलिमीटरदेखील पाऊस धड पडत नाही. आमच्याकडे जुलै महिन्यात एका दुपारी त्याहून अधिक पडतो. गंमत अशी की, वारा तोच नैऋत्येचा. पण एडनला तो आफ्रिकेच्या तापलेल्या भूमीवरून कोरडा येतो व धूळ आणतो. आणि कोकणाकडे येणारा वारा अरबी समुद्रावरून भरून येतो. इतके पाणी दुर्मिळ, म्हणून शमसानच्या उतारावर प्राचीन काळी कोणी तरी कातळात एकाखाली एक टाकी खोदली, वरून आलेला पावसाचा प्रत्येक थेंब त्यांत उतरावा अशी. तवीलाची टाकी म्हणून ती प्रसिद्ध आहेत. त्यांत कोट्यवधी लिटर पाणी मावते, पण ती भरण्याइतका पाऊस कित्येक वर्षांत येत नाही. ती गाळाने बुजून गेली होती; १८५० नंतर इंग्रजांनी उपसून दुरुस्त केली. त्यावर भागेना, म्हणून समुद्राचे पाणी उकळून त्याचे गोडे पाणी करण्याची यंत्रे बसवली, आणि उंटांवरूनही पाणी येई.

झाडे म्हणाल तर काटेरी बाभळीच्या जातीची, तीही विरळ. आपल्याकडे हल्ली गच्चीत, बाल्कनीत कुंडीतून अडेनियमचे झाड ठेवतात, पोट फुगलेल्या मडक्यासारख्या बुंध्याचे आणि गुलाबी फुलांचे. ते नाव एडनवरूनच पडलेले आहे. बुंधा फुगतो तो पाणी साठवण्यासाठी. त्या जमिनीवर जगायचे तर झाडालाही स्वतःचे टाके करावे लागते.

तरीही लोक तिथे शतकानुशतके राहत आले, ते बंदरासाठी. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता तिथे गेला होता. पीक नाही, झाड नाही, पाणी टाक्यांतले, पण व्यापारी मात्र अतिशय श्रीमंत, असे त्याने नमूद केले आहे. आणि हिंदुस्थानातून तिथे येणाऱ्या गलबतांच्या बंदरांत त्याने ठाण्याचे नाव दिले आहे. म्हणजे आमच्या खाडीच्या तोंडावरून गेलेली जहाजे सहा-सातशे वर्षांपूर्वी एडनला लागत होती. पुढे ते सारे वैभव ओसरले. १९ जानेवारी १८३९ रोजी कॅप्टन हेन्स याने मुंबईहून आणलेल्या आरमाराच्या व पलटणीच्या जोरावर एडन घेतले, तेव्हा तिथे जेमतेम सहाशेच्या आसपास माणसे उरली होती. इंग्रजांना ते हवे होते कोळशासाठी. मुंबई ते सुएझ आगबोटी सुरू झाल्या होत्या आणि मधे कोळसा भरायला ठाणे पाहिजे होते. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला, आणि या काळ्या खडकाला सोन्याचे मोल आले.

एक गोष्ट मला वाचताना चमत्कारिक वाटली. एडन मुंबई सरकारच्या ताब्यात होते. ते १९३२ पर्यंत मुंबई इलाख्यातच मोडत होते. टपालाची तिकिटे आपली, नाणे आपला रुपया. म्हणजे वासुदेव बळवंतांना समुद्रापार हद्दपार केले, पण ज्या सरकारविरुद्ध ते लढले त्याच्या इलाख्याबाहेर ते गेलेच नाहीत. शिरढोणही मुंबई इलाख्यात आणि एडनचा तुरुंगही मुंबई इलाख्यात.

तिथे ते तीन वर्षे होते. खंगत गेले, पण मन मोडले नाही. एका रात्री त्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून काढले आणि ते तुरुंगाबाहेर पडले.

या पलायनाचा उल्लेख सर्व चरित्रांत असतो, आणि लगेच पुढच्या वाक्यात ते पुन्हा पकडले गेले असे असते. मी या दोन वाक्यांच्या मधे बराच वेळ थांबलो. सह्याद्रीत शेकडो माणसांच्या फौजेला चुकवणारा हा माणूस इथे काही तासांत का सापडला? प्रकृती ढासळली होती हे खरे. पण समजा धडधाकट असता, तरी काय करता? वर चढावे तर शमसानचा उघडा खडक, ज्यावर झुडूप नाही. सकाळ झाली की कड्यावरची मुंगीसुद्धा खालून दिसेल. समुद्राकडे जावे तर बंदर इंग्रजांचे. उरली ती वाळूची पट्टी. ती ओलांडून ते काही मैल आत गेले, हेच मुळात अचाट आहे. पण पुढे वाळवंट. तिथल्या माणसाची भाषा येत नाही, चेहरा आणि चाल परदेशी, विहीर कुठे आहे ठाऊक नाही. आतला लाहेजचा सुलतानसुद्धा इंग्रजांचे वर्षासन घेणारा. आपल्या डोंगरात रामोश्याच्या झोपडीत भाकरी मिळे, कोळ्याच्या पाड्यावर आसरा मिळे. तिथे दार ठोठावायलाच घर नव्हते.

इंग्रजांनी विचारपूर्वक ती जागा निवडली की केवळ सोयीची म्हणून, देव जाणे. पण सह्याद्रीच्या माणसासाठी याहून नेमका तुरुंग शोधून सापडला नसता. दगड तोच, अग्नीतून आलेला, काळा. फक्त त्यावरची माती, झाड, पाणी आणि माणूस काढून घेतलेला.

पकडून आणल्यावर पहारा वाढला, बेड्या वाढल्या. शरीराने साथ सोडली. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. वय सदतीस.

एडन पुढे १९३७ साली हिंदुस्थानापासून वेगळे करून लंडनच्या सरकारकडे गेले आणि ३० नोव्हेंबर १९६७ रोजी इंग्रज तिथून निघून गेले, म्हणजे आपल्याकडून गेल्यावर वीस वर्षांनी. रुपया मात्र १९५१ पर्यंत तिथे चालत होता. इकडे १९८४ साली वासुदेव बळवंतांचे टपाल तिकीट निघाले. आमच्या जासईला ते वर्ष दुसऱ्याच कारणाने आठवते. जानेवारीतल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात पाच माणसे गोळीबारात गेली, आणि त्यांचे स्मारक गावात आहे. जमिनीसाठी माणूस कुठपर्यंत जातो हे आमच्या गावाला सांगावे लागत नाही, म्हणूनच कदाचित मला हे चरित्र जमिनीच्या बाजूने वाचावेसे वाटले असेल. पनवेलच्या नाट्यगृहाला वासुदेव बळवंतांचे नाव आहे. मुंबईत मेट्रो सिनेमापाशी त्यांच्या नावाचा चौक आहे. १९८९ पासून न्हावा-शेव्याचे बंदर चालू आहे, आणि तिथून सुएझकडे जाणारी जहाजे एडनच्या समोरून जातात. जासईच्या रस्त्यावर कंटेनरच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा, यांतला एखादा डबा त्या काळ्या डोंगराच्या समोरून जाईल, असा विचार मनात येतो.

हे सगळे वाचून झाल्यावर मी एकदा शिरढोणला गेलो. जून संपत आला होता. स्मारक पाहिले, घर पाहिले, ओट्यावर टेकलो. थोड्या वेळाने पाऊस आला. आधी कर्नाळ्याचा सुळका दिसेनासा झाला, मग खालचे रान, मग रस्त्यापलीकडची भातशेती. आवण लावायला आलेली माणसे इरली डोक्यावर घेऊन बांधावर उभी राहिली. पागोळ्यांखाली कोणी तरी हंडा ठेवला होता. तो भरून वाहू लागला तरी कोणी उचलला नाही. तासाभराने पनवेलची गाडी आली.